अण्णांची कॅफे रेसर

बार-एंड मिरर मी पहिल्यांदा नीट बघितले ते पुण्यात, एका कॅफेबाहेर. मित्राने नव्याकोऱ्या बाइकचे कंपनीचे आरसे काढून टाकले होते आणि हँडलच्या दोन टोकांना दोन काळ्या गोल चकत्या लावल्या होत्या. लांबून बघितलं तर मुंगीच्या मिशा. 'लूक बघ, लूक!' तो म्हणाला. मी म्हटलं, 'मागचं दिसतं का?' तर साहेब म्हणाले, 'मागचं कोण बघतंय?' सगळे हसले. कोल्ड कॉफी आली. विषय संपला.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी मी स्वतःच्या हाताने बार-एंड मिरर बसवले. परभणीत. आमच्या अण्णांच्या स्प्लेंडरला.

हो, स्प्लेंडरलाच. हसून घ्या एकदाचं.

अण्णा म्हणजे माझे वडील. झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. गाडी २००६ची, नंबर अर्थातच एमएच-२२, पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग करून आणलेली, आणि घरात तिचा मान माझ्यापेक्षा किंचित वरचा. गंगाखेड रोडला, पोखर्णीच्या अलीकडे आमचं थोडं रान आहे. अण्णा रोज सकाळी चहा झाला की स्प्लेंडरला किक मारतात आणि रानात जातात. मानेचं दुखणं आहे, पट्टा लावायला सांगितलाय, तो पट्टा खुंटीला लटकलेला असतो. डॉक्टर म्हणाले होते, 'गाडी चालवू नका.' अण्णांनी ऐकलं ते असं, 'लांब चालवू नका.' आणि अण्णांच्या हिशेबात पोखर्णी म्हणजे लांब नाही.

डिसेंबरात घरी गेले तेव्हा गाडीचा उजवा इंडिकेटर फुटलेला दिसला. आधी म्हणाले, स्टँडवरून पडली. मग म्हणाले, वारं होतं. (डिसेंबरात, परभणीत, स्प्लेंडर पाडणारं वारं!) शेवटी आईने सांगितलं. रानाच्या रस्त्याला उजवीकडे वळताना मागून भरधाव जीप आली, अगदी घासून गेली. खताची पिशवी रस्त्यावर, अण्णा कडेला, जीप पुढे. नशीब, खरचटण्यावर निभावलं.

'आरशात बघितलं नाही का?' मी विचारलं.

'बघितलं ना.'

'मग काय दिसलं?'

'माझं कोपर,' अण्णा म्हणाले. 'थंडीत स्वेटर घातलं की दुसरं काही दिसतच नाही त्यात.'

मला हे खोटं वाटलं. म्हणून मी गाडीवर बसले आणि आरशात बघितलं. माझं कोपर. आरसा बाहेर वळवला, तर माझा खांदा आणि शेजाऱ्यांची टाकी. जुन्या गाड्यांच्या आरशांचं हे दुखणं आहे. दांडी आखूड, आणि आरसा हँडलच्या आतल्या बाजूला, ब्रेक आणि क्लचच्या पकडीत बसवलेला. त्यामुळे अर्धा आरसा तर आपला हातच खातो. तरण्या माणसाला फरक पडत नाही, तो मान वळवून बघतो. अण्णांची मान वळत नाही. मान वळवायची तर खांदा वळतो, खांदा वळला की हँडल वळतं, आणि हँडल वळलं की गाडी रस्त्याच्या मध्ये. त्या रस्त्यावर उसाच्या सीझनला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात. ट्रॉली रस्त्यापेक्षा रुंद वाटावी इतकी भरलेली.

आणि मग मला तो कॅफेवाला मित्र आठवला. आरसा हँडलच्या टोकाला गेला तर तो कोपराच्या बाहेर जातो. म्हणजे आरशात कोपर नाही, रस्ता! ज्याला सगळे लूक लूक म्हणतात त्याचा फंडा खरं तर एवढा साधा आहे.

एक छोटासा फ्लॅशबॅक. हे आरसे काही इन्स्टाग्रामने शोधलेले नाहीत. १९५०-६० च्या दशकात इंग्लंडमधली पोरं बाइकचं हँडल कापून, खाली करून, टाकीवर पालथं पडून गाड्या हाणायची. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी त्यांचे अड्डे जमायचे, म्हणून त्यांच्या गाड्या 'कॅफे रेसर'. इतक्या खाली वाकल्यावर साध्या आरशात काय दिसणार? म्हणून आरसा गेला हँडलच्या टोकाला. आता तीच स्टाइल फिरून परत आली आहे. २०२३ साली आलेल्या ट्रायम्फ स्पीड ४०० ला तर कंपनीच बार-एंड मिरर लावून देते, आणि ही गाडी बनू लागली ती आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात. रॉयल एनफिल्डही आपल्या काही गाड्यांसाठी ते अॅक्सेसरी म्हणून विकते. म्हणजे प्रकार अगदीच भुरटा नाही.

ऑनलाइन जोडी मागवली. तिसऱ्या दिवशी परभणीत हजर. ('बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी, डिलिव्हरी पुण्यापेक्षा लवकर झाली.) खोक्यात दोन आरसे, दोन बोल्ट, रबराचे दोन मापांचे बुश आणि एक एलन की. इन्स्ट्रक्शन म्हणून एक चित्र, ज्यात एक बाण हँडलकडे जातो आणि पुढे काहीच होत नाही.

तरी फंडा कळायला सोपा आहे. हँडल म्हणजे पोकळ पाइप. बहुतेक गाड्यांचा बाहेरून २२ मिलिमीटरचा असतो, आतून किती ते पत्रा किती जाड त्यावर. आरशाचा बोल्ट रबरी बुशसकट त्या पाइपात जातो. एलन कीने आवळत गेलं की आतली पाचर रबराला फुगवते आणि रबर पाइपाला आतून धरून बसतं. म्हणून मागवायच्या आधी पाइपाचं आतलं माप घ्या, नुसता फोटो बघून 'अॅड टू कार्ट' करू नका. मी माप घेतलं नव्हतं. दोनपैकी एक बुश बसला, हे माझं नशीब.

अण्णांच्या गाडीच्या ग्रिप कधीतरी बदललेल्या होत्या, टोकं बंद असलेल्या. ब्लेडने टोक गोल कापलं. डावीकडचा आरसा दहा मिनिटांत बसला. मी स्वतःवर जाम खूश! आई म्हणाली, 'आता याला हार घाल.' मग उजवीकडचा. तो थोडा हलत होता म्हणून मी चांगला आत दाबला, ग्रिपला टेकवला आणि जोर लावून आवळला. दिसायला एकदम टकाटक. फट नाही, फाट नाही.

गाडी मेन स्टँडवर होती. अण्णांनी किक मारली, सवयीने थोडी रेस दिली आणि सोडली.

रेस खाली आलीच नाही.

इंजिन किंचाळायला लागलं. मागचं चाक बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, पण आवाज असा की गल्लीतली दोन कुत्री उठून गेली. मी नुसती बघत उभी. अण्णांनी शांतपणे किल्ली फिरवली. मग माझ्याकडे बघितलं. मास्तर लोक वर्गात शेवटच्या बाकाकडे जसं बघतात तसं.

'हेच रोडवर झालं असतं तर?' एवढंच म्हणाले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या माणसाला वाचवायला मी हे आरसे आणले, त्यालाच मी फुल रेसमध्ये उसाच्या ट्रॉलीखाली पाठवलं असतं. आणि दिसायला किती छान बसला होता तो आरसा!

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत वसमत रोडच्या गॅरेजात नेली. तिथल्या मिस्तरींना सगळी परभणी मामू म्हणते, मीही म्हणते. मामूंनी आरसा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

'ये कायकू लाये बेटा? ये तो पुना-मुंबई का आयटम है. पोट्टे लोगां लगाते.'

मी कोपराची गोष्ट सांगितली. मामू गाडीवर बसले, जुन्या आरशात बघितलं आणि मान हलवली. 'हौ. बात तो सही है.'

मग त्यांनी मला जे शिकवलं ते त्या खोक्यातल्या चित्रात असायला हवं होतं. उजवी ग्रिप हँडलवर घट्ट बसलेली नसते. ती एका प्लॅस्टिकच्या नळीवर असते आणि ती नळी हँडलभोवती फिरते. तीच आपली रेस. आरसा मात्र हँडलच्या पाइपात पक्का. 'रेस का पाइप घूमता, हँडल नै घूमता. तुमने दोनों को चिपका दिये.' मी ग्रिप आणि आरसा एकमेकांना टेकवून आवळल्यामुळे आरशाने नळी धरून ठेवली, आणि आतल्या स्प्रिंगला ती परत फिरवता येईना. इतकंच. एवढ्याशा गोष्टीवर माणूस जातो.

मामूंनी ग्रिपचं रबर थोडं आणखी कापलं. मग लोखंड कापायच्या करवतीचं पातं घेऊन ते ग्रिप आणि आरशाच्या मध्ये धरलं, आरसा पात्याला टेकेपर्यंत आत ढकलला, आवळला आणि पातं ओढून काढलं. राहिली ती बारीकशी फट. ती फट लूकच्या दृष्टीने जरा खटकते. खटकू दे! तुमच्या बाइकच्या उजव्या आरशाजवळ ती नसेल, तर आज घरी जायच्या आधी पार्किंगमध्ये तपासा.

तपासायचं कसं? इंजिन बंद. रेस पूर्ण पिळा आणि हात झटकन सोडा. 'टक्' असा आवाज करत ती आपोआप परत आली पाहिजे. मग हँडल पूर्ण डावीकडे वळवून तेच, पूर्ण उजवीकडे वळवून तेच. कारण हँडल वळलं की केबलही ओढली जाते. त्याच वेळी आरसा टाकीला, गुडघ्याला, ब्रेकच्या दांडीला लागत नाही ना हेही कळतं. मगच किक. मामू एवढ्यावर थांबले नाहीत. 'दो दिन चलाव, फिर आके कसना.' रबर नवं असताना दबतं आणि आरसा सैल होतो.

जुने आरसे काढल्यावर त्यांची भोकं तशीच ठेवू नका. पाणी जातं, गंज धरतो, आणि उद्या आरसा परत लावायचा तर आटे गेलेले. मामूंनी त्यात बोल्ट मारतो म्हणून सांगितलं. आटे म्हटल्यावर त्यांना यामाहावाली पोरं आठवली. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांना उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. ज्यांना माहीत नाही ते आरसा सोडवायच्या नादात आणखी आवळत जातात, आणि मग अख्खी पकडच मोडून मामूंकडे येतात. 'फिर बोलते, मामू, कंपनीका माल खराब है.'

माझ्या हातातला पाना मामूंनी काढून घेतला होता, त्यामुळे मी प्रश्न विचारत बसले. ज्या गाड्यांना हँडलच्या टोकाला लोखंडी वजनं असतात, त्यांचं काय? ती काढूनच बार-एंड मिरर बसतात. पण ती वजनं शोभेची नसतात. हँडलची थरथर मारायला ती दिलेली असतात. काढली की एका ठराविक स्पीडला हातात मुंग्या येतात आणि आरशातला ट्रक एकाऐवजी तीन दिसतात. शक्यतो जड मिरर घ्या, किंवा वजन तसंच ठेवून बसणारा. थरथरीचं दुखणं आरशाइतकंच जुनं आहे म्हणा. १९११ च्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० रेसमध्ये रे हॅरून नावाच्या पठ्ठ्याने आपल्या गाडीवर आरसा लावला आणि रेस जिंकली. मागचं दाखवणाऱ्या आरशाची गोष्ट सांगताना सगळे त्याचं नाव घेतात. पण विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका हलत होता की त्यात काही दिसतच नव्हतं, असं त्यानेच पुढे सांगून टाकलं!

संध्याकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर ट्रायल. तिथे रस्ता मोकळा, फिरायला येणारी माणसं सोडली तर धोका नाही. अण्णा गाडीवर बसून राहिले आणि मी लाल ओढणी घेऊन मागे दहा पावलांवर, वीस पावलांवर, चाळीस पावलांवर उभी राहिले. वेडेपणा वाटेल, पण हे करायलाच हवं. या आरशांची काच बहुधा फुगीर असते. रुंद भाग दिसतो, पण प्रत्येक गोष्ट आहे त्यापेक्षा लांब आणि छोटी दिसते. आरशात 'अजून लांब आहे' वाटणारी जीप प्रत्यक्षात मानगुटीवर असते.

'दिसतेय का मी?' मी वीस पावलांवरून ओरडले.

'दिसायलीस की! सोनपेठला उभी असल्यासारखी दिसायलीस!'

मग पाच-सहा वेळा मागे-पुढे केलं, तेव्हा अण्णांच्या डोळ्याला अंदाज आला. शेवटी त्यांनी स्वतःचा नियमच केला. आरशात चेहरा ओळखू आला म्हणजे वळायचं नाही. मास्तरांना नियम केल्याशिवाय चैन पडत नाही.

लूकचा बँड मात्र दुसऱ्याच दिवशी वाजला. आरसे बाहेर काढल्यामुळे गाडी दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं रुंद झाली होती, आणि हे गाडीला माहीत होतं, अण्णांना नव्हतं. गांधी पार्कच्या गर्दीत डावा आरसा एका केळीच्या गाड्याला लागला. गाडेवाला भला माणूस, 'मास्तर, मिश्या आत घ्या,' म्हणाला. घरी आल्यावर फाटकाच्या खांबाला पुन्हा तोच आरसा. अण्णा चिडले. 'काढ हे. डावीकडं काय बघायचंय मला? डावीकडनं येणारा येडा असतो, तो आरशात बघून बी कळत नाही.'

मी वाद घातला. मग विचार केला, तेव्हा त्यांचं अर्धं पटलं. आपण डाव्या बाजूने चालतो, मागून ओव्हरटेक करणारं वाहन उजवीकडून येतं, आणि अण्णांचं रानही उजवीकडेच वळतं. रोजचा खरा धोका एका बाजूला आहे. पण डावी बाजू उघडी सोडायची माझी तयारी नव्हती. शहरात डावीकडून घुसणारे येडेच जास्त असतात. नियमाच्या बाजूनेही तेच आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आरसा हवा तो मागून येणारी वाहनं चालकाला स्पष्ट दिसतील असा. आरसा गोल की चौकोनी याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, पण दिसलं पाहिजे.

तह झाला. उजवीकडे टोकाला बार-एंड, डावीकडे कंपनीचा जुना, मामूंनी लांब दांडी जोडून थोडा बाहेर काढलेला. गाडी आता अशी दिसते की एका बाजूने लंडन आणि दुसऱ्या बाजूने लिंबगाव. त्या मित्राला फोटो पाठवला तर त्याचा रिप्लाय आला, 'ये क्या है?' सोबत रडणारे सात स्माइली.

निघायच्या आदल्या दिवशी मी अण्णांच्या मागे बसून रानात गेले. हवेत गारठा, दोन्ही बाजूंना तूर आणि ऊस. अण्णांच्या अंगात तेच जाड स्वेटर. मी मागून उजव्या आरशात बघत होते. कोपर नव्हतं. आमच्या मागचा रस्ता होता, लांबपर्यंत.

रानाच्या फाट्याच्या अलीकडे अण्णांनी रेस सोडली. ती खाली आली. (मी रोज मोजते आहे.) उजवा इंडिकेटर दिला, नवा बसवलेला. आरशात बघितलं आणि वळले नाहीत. गाडी डावीकडे मातीवर घेऊन पाय टेकवले.

'काय झालं?' मी विचारलं.

'ड्रायव्हरचा चेहरा दिसायलाय.'

अर्ध्या मिनिटाने उसाचा ट्रॅक्टर धडधडत बाजूने गेला, दोन ट्रॉल्या, वर स्पीकरवर फुल आवाजात गाणं, आणि ड्रायव्हरने अण्णांना हात केला. अण्णांनीही केला. मग ते सावकाश उजवीकडे वळले.

डावा आरसा माझ्या बॅगेत उरला होता. गल्लीतल्या एका पोराने तो मागितला. त्याच्या बाइकला एकही आरसा नाही. शोरूममधून आणली त्याच संध्याकाळी त्याने दोन्ही काढून माळ्यावर टाकलेत. मी म्हटलं, देते, पण आधी माळ्यावरचे दोन खाली आण. तो आणतो म्हणून गेलाय. आईला विचारलं काल फोनवर. अजून आलेला नाही.